पासमानिकांचं तिसरं मूल

१३ ऑक्टोबर, रविवार

केदारच्या मुलीचं बारसं झालं. इथे आयर्लंडमध्ये सकाळचे साडेसात. फोन चहाच्या डब्याला टेकवून बसले. तिकडे आईच्या हातात फोन होता. पाळण्यापेक्षा पंखाच जास्त दिसला. कानात कुर्र करायला आत्या लागते. माझ्या भावाची मुलगी, म्हणजे आत्या मी. माझ्या जागी सुरुची बसली, आमची चुलत बहीण. ती वाकली आणि चित्र गोठलं. पुन्हा हललं तेव्हा सगळे हसत होते.

नाव ऐकू आलं नाही. विचारलं नाही.

कारखान्यात महिनाअखेरची तपासणी लागली, तयारीसाठी सुट्ट्या बंद झाल्या म्हणून मी तिकीट रद्द केलं, हे खरं. पण केदारनं म्हणायला नको होतं, "नको येऊस. आत्या काय, सांगलीत गल्लीत मिळते." त्याच दिवशी मी घरच्या ग्रुपमधून बाहेर पडले.

दुपारी शेजारच्या एटा किओ आल्या. तोंडावर मी त्यांना एटा म्हणते, इथे तशी रीत आहे. वहीत एटाबाई. वय एक्क्याऐंशी. नवरा टॉम बस चालवायचा, तो गेला. त्यांना आता समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. माझ्याशी बोलताना माझ्या खांद्याकडे बघतात.

"तू कागद वाचायचं काम करतेस ना?"

मी हो म्हटलं. औषधाची प्रत्येक खेप बाहेर जाण्यापूर्वी तिचे दोनशे पानांचे कागद माझ्याकडे येतात. मी ओळ न् ओळ वाचते. चूक निघाली तर खेप अडते.

"मग माझे वाच," त्या म्हणाल्या.

१९ ऑक्टोबर, शनिवार

एटाबाईंचे कागद हॉट प्रेसमध्ये असतात, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या खाली. तिथे ओल लागत नाही.

आज समजलं ते लिहिते.

त्यांची आई गित्ला पासमानिक. पोलंडमधल्या एका गिरणगावाची. नकाशात मी लॉड्झ वाचत होते. एटाबाई म्हणाल्या, "वूच." घर रिबिनी विणणाऱ्यांचं. गित्ला ताणा भरायची, भाऊ श्मूल माग चालवायचा. १९३८ मध्ये आयर्लंडमधल्या एका लहान गावात रिबिनीचा कारखाना निघाला. त्यांना ताणा भरणारी हवी होती, म्हणून गित्लाला परवाना मिळाला. चोवीस वर्षांची होती. एकटीचाच परवाना. भाऊ, वहिनी आणि त्यांच्या मुलांसाठी तिनं तीनदा अर्ज केले. तीनदा नकार. नकाराची पत्रं आहेत, प्रत्येकी दोन ओळींची.

१९४० मध्ये वूचमधल्या ज्यूंना शहराच्या एका कोपऱ्यात कोंडलं आणि भोवती तारा ठोकल्या. श्मूल, त्याची बायको पेर्ला, मुलगा आब्रम, मुलगी द्वोयरा. चौघं एका खोलीत. तिथून श्मूलची कार्डं यायची. शेवटचं एप्रिल १९४१ चं. मूळ जर्मनमध्ये, कारण दुसऱ्या भाषेत लिहायला बंदी होती. एटाबाईंना ते पाठ आहे:

"पेर्लाला सप्टेंबरात मूल होईल. आब्रम म्हणतो मुलगा. द्वोयरा म्हणते मांजर. आम्ही बरे आहोत. तुझा पत्ता तोच आहे ना?"

त्यानंतर काही नाही.

दर जानेवारीच्या शेवटच्या रविवारी डब्लिनमध्ये एका सभागृहात त्या काळात मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं वाचतात. एटाबाई आपल्या घरची वाचतात. श्मूल, पेर्ला, आब्रम, द्वोयरा, आणि एक मूल.

"चोवीस वर्षं मी 'एक मूल' म्हणतेय," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीत माझा मुलगा मला पर्थला नेणार. त्यामुळे ही शेवटची वेळ. यंदा मला नाव हवंय."

यादी दहा जानेवारीला बंद होते.

मी म्हटलं, "बघते."

"बघू नकोस. वाच."

२७ ऑक्टोबर, रविवार

घड्याळ एक तास मागे गेलं. तो तास कागदांना दिला.

गित्ला १९४० च्या शेवटी डब्लिनला आली, शर्ट शिवायच्या कामावर. नॉर्थ स्ट्रँडला भाड्याची खोली घेतली. ३१ मे १९४१ ला पहाटे एका जर्मन विमानानं नॉर्थ स्ट्रँडवर बॉम्ब टाकले. गित्ला त्या रात्री दुसरीकडे होती, कामावरच्या मैत्रिणीच्या लग्नघरी. खोली उरली नाही.

तिनं रेड क्रॉसमार्फत भावाला चिठ्ठ्या पाठवल्या. छापील कागद, पंचवीस शब्दांची मर्यादा. पहिली: "जिवंत आहे. त्या रात्री मी घरी नव्हते. नवा पत्ता खाली. बाळ झालं का? नाव कळवा. गित्ला." अशा सहा, जून १९४१ ते ऑगस्ट १९४२. सहाही कागद इथेच आहेत. प्रत्येकावर शिक्का: पोचवता आली नाही.

एटाबाई म्हणाल्या, "आई पुढे पन्नास वर्षं तरी जगली. तिचं एक वाक्य होतं. 'ते गेले, पण मी सुखरूप आहे हे त्यांना ठाऊक होतं.' माझ्या लग्नात म्हणाली. टॉम गेला तेव्हा म्हणाली. मरताना म्हणाली. ते वाक्य होतं म्हणून ती उभी होती."

मी विचारलं, "सहाही परत आल्या, मग त्यांना कसं कळलं?"

"तिनं सात पाठवल्या होत्या. एक, त्या पहिल्याच उन्हाळ्यातली, परत आली नाही. आई तिलाच सातवी म्हणायची."

मी नोंद केली: सातवीचा पुरावा नाही. मोठ्यानं वाचली नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. तपासणीचा चौथा दिवस. पणती खिडकीत लावली. नवऱ्याला, इंद्रनीलला, शेजारच्या लिक्सलिप गावात दुपारची पाळी. लेकीनं, शर्वाणीनं, चकलीचा आवाज करत विचारलं, "आर वुई डन?" झालं म्हटलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

वूचच्या कोंडवाड्यात राहणाऱ्यांची नोंदवही शिल्लक आहे. त्यांनीच ठेवलेली. नाव, जन्मतारीख, धंदा, रस्ता, घर, खोली. शेवटच्या रकान्यात शेरा: कधी मेले, किंवा मारायला कधी नेले. सगळी पानं आता संगणकावर दिसतात.

पासमानिक आडनाव घालून शोधलं. श्मूल, विणकर. पेर्ला, घरकाम. आब्रम, १९३४. द्वोयरा, १९३७. मुलांच्या शेवटच्या रकान्यात सप्टेंबर १९४२. श्मूलच्या, मार्च १९४३. पेर्लाच्या, ऑगस्ट १९४४.

१९४१ मध्ये जन्मलेलं पासमानिक नाही.

एटाबाईंना सांगितलं. असंही सांगितलं की आमच्या कामात एक नियम आहे: जे लिहिलेलं नाही ते घडलेलं नाही.

"तुझ्या कारखान्यात नसेल घडलं," त्या म्हणाल्या. "पेर्लाला मात्र कळा आल्या."

मग मला बिस्किटं दिली. चिडल्या की देतात.

२३ नोव्हेंबर, शनिवार

माझं चुकलं. मी नाव शोधत होते. नाव शोधलं की माहीत असलेलंच सापडतं. कारखान्यात मी असं कधी करत नाही. तिथे पहिल्या पानापासून वाचते, कारण चूक कुठे असेल ते ठाऊक नसतं.

पासमानिकांचा रस्ता आणि त्याला लागून असलेले चार रस्ते. नऊशेच्या आसपास पानं. सकाळी साडेपाच ते सात, रोज पंधरा. सुट्टीच्या दिवशी तीस. नाताळानंतर थोडीच उरतील. वेळेत होईल.

इंद्रनील म्हणाला, "ऑफिसात वाचून पोट भरत नाही का तुझं?"

"नाही."

"ग्रँड," तो इथल्या लोकांसारखं म्हणाला आणि स्वतःचा डबा स्वतः भरला.

७ डिसेंबर, शनिवार

रात्रभर वादळ. कुंपणाच्या दोन फळ्या एटाबाईंच्या अंगणात पडल्या. वीज होती, म्हणून तीस पानं झाली.

कारकुनांची अक्षरं आता ओळखू येतात. एक जण सातला आडवी रेघ देतो. एकाची लेखणी सारखी ठिबकते. एक पानाच्या शेवटी थकतो, अक्षर उताराला लागतं. शिंपी, शिंपी, विणकर, चांभार, शिंपी, धोबीण, विद्यार्थी, विद्यार्थी. ज्यांचं वय पाचच्या खाली त्यांच्या धंद्याच्या रकान्यात काही नाही.

शर्वाणी पाठीमागे येऊन उभी राहिली. नऊ वर्षांची आहे.

"आर दे ऑल डेड?"

"या पानावरचे, बहुतेक."

"देन व्हाय आर यू चेकिंग?"

तिला म्हटलं, दूध पी.

१५ डिसेंबर, रविवार

आईचा फोन. छकुली मान धरायला लागली म्हणे. सगळे तिला छकुलीच म्हणतात.

"तू बोल ना केदारशी. तो काय, तुझ्यावरच गेलाय."

"कामात आहे गं."

"रविवारी कसलं काम?"

खरंच कामात होते. पान ४११.

२६ डिसेंबर, गुरुवार

एटाबाईंच्या खिडकीत काल संध्याकाळी हनुक्कीयाची, ज्यूंच्या हनुक्का सणाच्या दीपमाळेची, पहिली ज्योत लागली. आज दुसरी. त्यांना काडी नीट लावता येत नाही. मी हात धरला. मी विचारलं, नाव सापडलं नाही तर?

"तर पुन्हा 'एक मूल'. पण मग ते वाचणारी मी शेवटची. माझ्या मुलाला तेवढंही पाठ नाही."

पान ६०२.

४ जानेवारी, शनिवार

पान ७१८. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

तोच रस्ता. तेच घर. तीच खोली. आडनाव झिल्बर, पेर्लाच्या माहेरचं. लग्न फक्त देवासमोर झालेलं असेल, सरकारी नोंद नसेल, म्हणून कारकुनानं बाळ आईच्या नावावर घातलं असावं. मोठ्या दोघांच्या वेळी असं का झालं नाही, ते कळलं नाही. पण त्या खोलीत १९४१ मध्ये जन्मलेलं दुसरं कोणी नाही. तीनदा तपासलं. त्या घराच्या सगळ्या खोल्या पुन्हा वाचल्या.

जन्म २१ सप्टेंबर १९४१. मुलगी. शेवटचा रकाना इतर दोघांसारखाच, सप्टेंबर १९४२.

नाव गित्ला.

मी उठून स्वयंपाकघरात फेऱ्या मारल्या. आत्याचं नाव ठेवलं! समुद्रापलीकडच्या, तीन वर्षं न दिसलेल्या आत्याचं. इंद्रनीलला उठवून सांगितलं. तो म्हणाला, "भारी." डोळे मिटूनच, पण म्हणाला.

मुलगी झाली की रिकाम्या हातानं सांगायला जात नाहीत. उद्या शिरा करून नेते.

५ जानेवारी, रविवार

शिरा केला. केशर घातलं. डबा गरम असतानाच घेऊन गेले.

दारातच म्हटलं, "मुलगी झाली!"

एटाबाई हसल्या. हात पुढे केले. मी त्यांना टेबलापाशी नेलं, बसवलं, पान वाचून दाखवलं. घर, खोली, तारीख. मग म्हटलं, "आणि नाव ऐका. तुमच्या आईचंच ठेवलंय. गित्ला."

त्यांनी हात टेबलावर सपाट ठेवले.

"पुन्हा वाच."

वाचलं.

"तारीख?"

"एकवीस सप्टेंबर एक्केचाळीस."

"तुला खात्री आहे?"

"एवढ्या पुराव्यावर मी खेप सोडली असती."

 मी डबा उघडला. म्हटलं, आमच्याकडे आत्याच नाव ठेवते, तुमच्याकडे आत्याचं ठेवलं, केवढा मान. म्हटलं, एवढ्या हालात त्यांना तिचीच आठवण झाली.

"हो," त्या म्हणाल्या. "आठवण झाली." मग म्हणाल्या, "जाताना दार ओढून घे, रोहिणी."

डब्याला हात लावला नाही. साखर बंद असेल. किंवा आनंद एकदम झेपला नसेल. या वयात होतं असं.

७ जानेवारी, मंगळवार

एटाबाईंचं दार उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता.

८ जानेवारी, बुधवार

सकाळी दारातून चिठ्ठी पडली. जाड काळ्या पेनानं, मोठी वेडीवाकडी अक्षरं. "यादीत काही बदलू नकोस. एक मूल. ए."

मला राग आला. सहा आठवडे पहाटे उठले. कामावरून परस्पर त्यांच्याकडे गेले आणि दार वाजवत राहिले. उघडलं.

मी म्हटलं, "नाव आहे. पुरावा आहे. तुम्हीच म्हणालात, वाच. मी वाचलं. आता ते खोटं कसं लिहायचं?"

"ओरडू नकोस. डोळे गेलेत, कान नाही."

"मग सांगा का."

त्या माझ्या खांद्याकडे बघत होत्या. "आम्ही जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या लोकांत कोणीच ठेवत नाही. आजी मेली की तिचं. काका मेला की त्याचं. जिवंताचं ठेवलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं मानतात. श्मूलनं ते कधीच केलं नसतं."

मी बसले.

"तिचा पत्ता त्यांच्याकडे होता. नॉर्थ स्ट्रँड. डब्लिनवर बॉम्ब पडल्याचं तारांच्या आतसुद्धा कानावर गेलं असेल. मग तिचं पत्र नाही. जून, जुलै, ऑगस्ट. सप्टेंबरात मुलगी झाली."

"मग ती सातवी चिठ्ठी..."

"सातवी पोचली नाही."

 बाहेर कोणीतरी कचऱ्याचा डबा ओढत नेत होतं.

"आईचं ते वाक्य," एटाबाई म्हणाल्या. "ते तिच्याकडचं एकमेव फर्निचर होतं. आणि मी सभागृहात उभी राहून ते मोडू?"

मी म्हटलं, आई तर आता नाहीत. म्हणायला नको होतं.

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या बाजूनं बोलायला ती नाही."

निघताना माझा डबा त्यांनी परत दिला. घासून, कोरडा करून.

मी शिरा नेला होता. केशर घातलेला.

९ जानेवारी, गुरुवार

कामावर दोन खेपा वाचल्या. दोन्ही बरोबर. तिसऱ्यांदा तपासल्या.

मी एटाबाईंच्या दारात जाणार नाही. नाव त्यांचं आहे. मला फक्त सापडलं. यादी उद्या पाचला बंद होते. "एक मूल" आधीपासून त्यात आहेच; काहीच करायचं नाही.

काहीच न करणं मला जमत नाही, हे आज कळलं.

१० जानेवारी, शुक्रवार

घरून काम. शर्वाणीला साडेतीनला नाचाच्या क्लासला सोडायचं होतं. तीन वाजून वीस मिनिटांनी मागच्या दारात एटाबाई उभ्या. भिंत धरत धरत आल्या होत्या.

"चहा टाक. आणि माझ्याशी आजच्या दिवस नियमांबद्दल बोलू नकोस."

मी चहा टाकला. शर्वाणी वर होती.

"शर्वाणी! बूट!"

उत्तर नाही.

"शर्वाणी!"

"कमिंग!"

"शर्वाणी, पाण्याची बाटली! शर्वाणी, जिन्यात पळू नकोस. शर्वाणी!"

एटाबाई ऐकत होत्या. शर्वाणी खाली आली, त्यांना "हाय एटा" म्हणाली, बूट घातले. शेजारची एक आई तिला घेऊन गेली. घर शांत झालं.

"दिवसातून किती वेळा मारतेस ही हाक?"

"कुणी मोजलंय. शंभर?"

"सुट्टीच्या दिवशी?"

"दोनशे. आणि ती एकदा ऐकते."

एटाबाई हसल्या नाहीत. कप हातात धरून बसल्या. "ती रांगायला लागली असेल," त्या म्हणाल्या. "एक खोली. दोन मोठी भावंडं. स्टोव्ह. तिला सतत हाका मारल्या असतील. गित्ला, तिकडे नको. गित्ला, इकडे ये. द्वोयराला मांजर हवं होतं. तिनं तर तिला उचलून उचलून बेजार केलं असेल. गित्ला, गित्ला."

त्यांनी हातातला कप फिरवला.

"किती दिवस होतात ते?"

मला गणित तयार होतं. "साडेअकरा महिने. तीनशे पन्नास दिवस, पाच-सहा इकडे-तिकडे."

"शंभरानं गुण."

"पस्तीस हजार."

"आई समजायची की त्यांना ठाऊक आहे," एटाबाई म्हणाल्या. "त्यांना ठाऊक नव्हतं. ते समजत होते ती मेली. दोन्हीकडे चूक. आणि तिकडे त्या खोलीत श्मूल दिवसातून शंभर वेळा तिचं नाव घेत होता." त्यांनी कप खाली ठेवला. बशी चुकली, मी सरकवली. "आईला हे मी कधीच सांगितलं नसतं. पण त्या पोरीचं काय? त्यानंतर तिला कोणी मोठ्यानं हाक मारलेली नाही. ब्याऐंशी वर्षं. आईचं वाक्य वाचवायला मी तिला 'एक मूल' ठेवू?"

"तुम्ही ठरवा."

"ठरवलंय. नाहीतर भिंत धरून कशाला आले असते. लिही."

चार वाजून चाळीस मिनिटांनी ईमेल गेला. आडनाव त्यांनी पासमानिक सांगितलं. मी म्हटलं, नोंदीत झिल्बर आहे. त्या म्हणाल्या, "तुझ्या कारकुनाला सांग, बाप कोण ते मला ठाऊक आहे." मी दोन्ही लिहिली. खाली नोंदवहीचं पान आणि ओळ.

१२ जानेवारी, रविवार

केदारला मेसेज केला. मुलीचं नाव काय ठेवलंत?

दोन मिनिटांत उत्तर. "आत्याबाई जाग्या झाल्या? मुक्ता."

मग फोटो. मग आणखी नऊ फोटो.

२४ जानेवारी, शुक्रवार

वादळाचा लाल इशारा. शाळा, कारखाना, रस्ते, सगळं बंद. सकाळपासून घर हलतंय. एटाबाईंना आमच्याकडे आणलं. त्या नावं म्हणून पाठ करतात, कारण कागद दिसणार नाही. चार नावांपर्यंत सुरळीत जातात. पाचव्याला थांबतात.

"रविवारी थांबू नका," मी म्हटलं.

"थांबेन. सगळे थांबतात. तू फक्त खोकू नकोस."

शर्वाणीनं नावं ऐकून ऐकून पाठ केली. मी तिला गप्प बसायला सांगणार होते. एटाबाई म्हणाल्या, "म्हणू दे. कोणाला तरी यायला हवीत."

२६ जानेवारी, रविवार

वादळाच्या फांद्या अजून रस्त्यात. तरी सभागृह भरलं होतं. मी त्यांना पायऱ्यांपर्यंत नेलं. पुढे त्या एकट्या गेल्या, माइकच्या थोड्या डावीकडे बघत.

"श्मूल पासमानिक, विणकर, चौतीस वर्षं. पेर्ला पासमानिक, त्याची बायको, एकतीस. आब्रम पासमानिक, आठ वर्षं. द्वोयरा पासमानिक, पाच वर्षं."

थांबल्या. मी मनात पाचपर्यंत मोजलं.

"गित्ला पासमानिक. अकरा महिने."

आवाज पहिल्या चार नावांपेक्षा मोठा होता. सभागृहात कोणाला काही कळलं नाही. पुढचा माणूस उठला आणि त्यानं आपली नावं वाचली.

गाडीत त्या म्हणाल्या, "हिटर लाव." ल्युकन रोडवर म्हणाल्या, "पुढच्या रविवारी मला आईकडे सोड. विमानात बसायच्या आधी तिला भेटायला हवं."

२ फेब्रुवारी, रविवार

डॉल्फिन्स बार्नची दफनभूमी. फाटक उघडायला माणूस बोलावून ठेवला होता. "तुमची बाई कुठल्या रांगेत?" त्यानं विचारलं. एटाबाईंनी न विचारता वाट काढली, हातानं दगड मोजत. सहावी रांग, चौथा.

गित्लाच्या दगडावर पोलंडमधल्या गावाचं नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षं. मी वाचून दाखवली. मग मागे सरकले. त्या म्हणाल्या, थांब, पाय घसरेल, हात धरून ठेव. म्हणून मला ऐकू आलं.

मी रात्रीपासून विचार करत होते, या कशा सांगतील. सगळं सांगतील की तारखेपासून सुरुवात करतील. सहा चिठ्ठ्या, सातवी. नाव सांगितलं की बाकी काही सांगायची गरजच नाही; गित्लाला ते एका शब्दात समजलं असतं.

एटाबाईंनी दगडाचा वरचा काठ चाचपला. पालापाचोळा झटकला.

"आई," त्या म्हणाल्या, "मुलगी झाली होती."

आणि थांबल्या.

वारा होता. मी वाट पाहिली. माझ्या कामाच्या सवयीनं जीभ पुढे आली होती. नोंद अर्धी होती, रकाना रिकामा होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा स्थिर होता. त्यांना जेवढं सांगायचं होतं तेवढं सांगून झालं होतं.

त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे खिशातून एक खडा काढून दगडावर ठेवला आणि माझा हात दाबला.

"चल," त्या म्हणाल्या. "गार पडलंय."